टाकणखार

फिल्म आणि डेव्हलपरची पत्रिका जुळवता येते,
तांबटकाका म्हणायचे,
पण पाणी म्हणजे सासू.
तिला विचारल्याशिवाय घरात काही नांदत नाही.

रविवार कारंज्यामागच्या बोळात त्यांचं दुकान,
पद्माकर फोटो.
मोरीत दोन बादल्या, एक नळाची, एक बोअरची.
बोअरचं पाणी फक्त हात धुवायला.
"क्षार फार. निगेटिव्हवर रांगोळी काढतं."

मी एकोणीसची, पासपोर्ट फोटो कापायला लागले तिथे.
नाशिकरोडच्या प्रेसमधली माणसं यायची,
दिवसभर नोटा छापून खिशात सुटे पैसे नसलेली.
हनुवटी खाली, कान दोन्ही दिसले पाहिजेत.

रात्री शटर अर्धं ओढून तराजू काढायचे.
मेटॉल दोन ग्रॅम. मेटॉल आधी.
सल्फाइट आधी ओतलंस तर ते रुसतं, विरघळत नाही.
मग सल्फाइट शंभर, हायड्रोक्विनोन पाच,
आणि टाकणखार दोन.
तो विकत आणायचा नसे.
थोरला भाऊ द्यायचा तांबट आळीतून,
वर्तमानपत्राच्या पुडीत.
तो त्यानं बंबाचे कान झाळायचा,
हे त्यानं माणसांचे कान उजेडात आणायचे.

बुधवारच्या बाजाराला चारशेची फिल्म घे,
डेव्हलपर एकास एक पातळ कर,
दाणा येऊ दे,
मेथीच्या जुड्या बांधणाऱ्या हातांना दाणा शोभतो.
पांडवलेण्यात संथ फिल्म, तिपाई,
आणि चाळीस सेकंद खोकू नकोस.
लग्नाला?
लग्नाला कलर. लोक पैसे कलरचे देतात.

परवा शिरीषनं, त्यांच्या पुतण्यानं, एक डबी आणून दिली.
इंदू, एकशेपंचवीस. मुदत एक्याण्णव साली संपलेली.
झाकणावर पेन्सिलीनं एवढंच: दादा.

कुठल्याच तक्त्यात या रोलची वेळ नाही.
खूप पातळ द्रावणात तासभर न हलवता ठेवलं
तर काहीतरी नक्की मिळतं,
सगळ्यातून थोडं थोडं, सपक,
नात्यातल्या सगळ्यांना सारखाच आहेर केल्यासारखं.
की त्यांचंच ताजं, पूर्ण ताकदीचं,
धुकं अडवायला चिमूटभर ब्रोमाइड घालून?
तीन दिवस मी डबी फ्रीजमध्ये ठेवली, दुधाच्या वर,
आणि दूध काढताना तिच्याकडे पाहायचं टाळलं.

चौथ्या दिवशी आळीत गेले.
आता तिथे स्टीलचे डबे, प्रेशर कुकरच्या शिट्ट्या.
शिरीषनं खालचा खण ओढला.
"घेऊन जा सगळा. कोण मागतं?"
खडे झाला होता. खलात कुटावा लागला.

निफाडला पारा पाचवर, असं सकाळच्या पेपरात.
सातपूरच्या माझ्या बाथरूममध्ये नळाचं पाणी तेरा अंश.
गीझरचं मिसळत मिसळत वीसवर आणलं,
दिवा घालवला,
आणि बोटांनी रीळ चाचपत राहिले.
टाकी बंद झाल्यावर दिवा लावला, ओतलं.
काका मिनिटं मोजायचे ते
बोळापलीकडच्या हातोडीच्या ठोक्यांवर.
माझ्याकडे मोबाइल. दर मिनिटाला कुई करतो.
नऊला थांबायचं ठरवलं होतं.
नऊ वाजले आणि माझा हात थांबला नाही.

शॉवरच्या दांडीला टांगली तेव्हा
फिल्मभर राखाडी होती, थंडीतल्या गोदेवर असते तशी.
छत्तीसातल्या एकतीस चौकटींत फक्त तीच.
चार ठिकाणी भट्टी, की खिडकी.
एका चौकटीत कुणीतरी बंबामागे ओणवं,
चेहऱ्याच्या जागी धुकं.
बंबाचे कान मात्र
दोन्ही दिसतात.

काकांच्या वहीत उरलेलं एक पान होतं.
लिहिलं:
इंदू १२५, जुनी. आळीतला टाकणखार, दोन ग्रॅम.
वीस अंश. अकरा मिनिटं.
जरा जास्त झालं.